आधी वॅट सांगा

माझी आई मिक्सर घ्यायला गेली की दुकानदाराला पहिला प्रश्न विचारते, ‘‘किती वॅटचा?’’ ५०० म्हटलं की ती झाकणसुद्धा उघडून बघत नाही. ७५० म्हटलं की मग भांडी किती, गॅरंटी किती, रंग कुठला. गीझरवर वॅट लिहिलेले असतात, इस्त्रीवर असतात, छताच्या पंख्यावर असतात, बल्बवर तर असतातच. विहिरीवरच्या मोटरीला किती एचपी हे सांगणारी पत्र्याची पट्टीच ठोकलेली असते. आणि सव्वा लाखाचा गेमिंग लॅपटॉप, ज्याची खेळण्याची सगळी ताकद ग्राफिक्स चिपला मिळणाऱ्या वॅटवर ठरते, त्याच्या खोक्यावर तो आकडा नाही. मी आजवर जेवढी खोकी उलटीपालटी करून पाहिली त्यांतल्या एकाही खोक्यावर तो मला दिसला नाही. प्रोसेसरचं नाव असतं, ग्राफिक्स कार्डचं नाव असतं, पडद्याचे इंच असतात, चकाकणारे स्टिकर असतात. घेणाऱ्याला खरं काय ते सांगणारा एक आकडा, तेवढाच नसतो.

हा विसरभोळेपणा नाही. ही लपवाछपवी आहे, आणि ती करणाऱ्यांना ती लपवाछपवी आहे हे पक्कं माहीत आहे.

यंदा ताईच्या मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. चंद्रपूरहून त्याचा फोन आला, ‘‘मामा, तीन लॅपटॉप काढून ठेवले. तिन्ही १४ इंची. तिन्हींत तेच कार्ड आहे. मग सगळ्यात हलका घेऊन टाकू ना?’’ पोरगा हुशार आहे. त्याने किमती मांडल्या होत्या, वजनं मांडली होती, रॅम आणि एसएसडी मांडली होती. त्याच्या हिशेबात चूक नव्हती. चूक होती ती ‘तेच कार्ड’ या दोन शब्दांत, आणि ते दोन शब्द त्याच्या तोंडी या धंद्याने घातले होते.

कारण ते कार्ड ‘तेच’ नसतं. आरटीएक्स ४०६० घ्या. लॅपटॉपमधली ही चिप बनवणारी कंपनी एनव्हिडिया स्वतःच सांगते की तिला ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देता येते. किती द्यायची हे लॅपटॉप बांधणारी कंपनी ठरवते: खोका किती पातळ केला, तांब्याच्या नळ्या किती घातल्या, पंखे केवढे बसवले, चार्जर केवढा दिला, यावरून. ३५ कुठे आणि ११५ कुठे! तिपटीहून जास्त फरक, आणि दोन्हींवर स्टिकर एकच. पाच एचपीच्या मोटरीला दीड एचपीची वीज पुरवून वर पट्टीवर पाचच लिहिलेत तर गावातला माणूस दुकान डोक्यावर घेईल. इथे नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, आणि तो वाळा हप्त्यांवर घेतलेला.

मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही. माझा व्यवसाय इमारतींची त्रिमितीय चित्रं करून देण्याचा. दिवसा डोंबिवलीहून दादरला लोकलने जायचं, वास्तुरचनाकाराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ग्राहकाला न बांधलेल्या घरातून फिरवून आणायचं, आणि रात्री त्याच लॅपटॉपवर खेळायचं. खेळतो, हो. चाळिशी ओलांडली तरी खेळतो, आणि त्याबद्दल मला कुणापुढे मान खाली घालायची नाही. २०२१ मध्ये मी साचवलेले पैसे काढून एक पातळ, देखणा लॅपटॉप घेतला. त्या वेळच्या वरच्या फळीतली ग्राफिक्स चिप, दोन किलोच्या आत वजन. महिनाभराने माझ्या एका सहकाऱ्याने माझ्याहून पन्नास हजारांनी स्वस्त, एक पायरी खालच्या चिपचा, पण जाडजूड लॅपटॉप आणला. एकच दृश्य दोघांनी एकाच वेळी रेंडरला लावलं. त्याचं आधी झालं. मी पुन्हा लावलं. पुन्हा त्याचंच आधी. मग शोधाशोध केली तेव्हा कळलं, माझ्या चिपला ८० वॅटची वेसण होती आणि त्याच्या चिपला पोटभर वीज मिळत होती. कंपनीच्या मदत क्रमांकावर पाऊण तास धरून बसल्यावर उत्तर आलं की सगळं रचनेप्रमाणेच चाललं आहे. रचनेप्रमाणे! ती रचना काय आहे ते विकताना का नाही सांगितलंत, याला तिकडे उत्तर नव्हतं. त्या पन्नास हजारांत माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असतं. ते मी नंतर वेगळे पैसे काढून केलं. ती चीड अजून गेलेली नाही आणि ती जावी असं मला वाटतही नाही.

हे आपोआप झालेलं नाही. टप्प्याटप्प्याने केलं गेलं आहे. पूर्वी लॅपटॉपच्या चिपच्या नावामागे ‘एम’ हे अक्षर असायचं. ९८०एम म्हटलं की घेणाऱ्याला कळायचं, डेस्कटॉपवरची ९८० ती ही नव्हे. २०१६ मध्ये एनव्हिडियाने ते अक्षर काढलं. तेव्हा त्याला आधार होता. जीटीएक्स १०८० लॅपटॉपमध्ये घ्या नाहीतर डेस्कटॉपमध्ये, दोन्हींत गणित करणारे २५६० कोअर होते. पुढच्या वर्षी तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात ‘मॅक्स-क्यू’ आलं. रॉकेट वर चढताना त्याच्यावर हवेचा ताण ज्या क्षणी सर्वांत जास्त असतो त्या क्षणाचं हे अंतराळशास्त्रातलं नाव. कल्पना चांगली होती: १५० वॅटची चिप ९० ते ११० वॅटवर चालवायची आणि लॅपटॉप पातळ करायचा. नावात मॅक्स-क्यू लिहिलेलं असल्यामुळे निदान जाणत्या माणसाला फरक कळत होता. २०२१ मध्ये ३० मालिकेबरोबर तीही खूण नावातून गेली. आता आरटीएक्स ३०८० म्हणजे फक्त ३०८०. ८० वॅटवर चालो की १५० वर, नाव तेच. आणि डेस्कटॉपशी असलेलं नातंही तुटलं होतं. डेस्कटॉपच्या ३०८० मध्ये ८७०४ कोअर, लॅपटॉपच्या ३०८० मध्ये ६१४४. ओरड झाल्यावर एनव्हिडियाने लॅपटॉप कंपन्यांना वॅट जाहीर करायला सांगितलं. केले जाहीर. संकेतस्थळाच्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत, आकड्याला ‘पर्यंत’ चिकटवून. दुकानात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आणि मग मोकळं रान मिळाल्यासारखं झालं. डेस्कटॉपची आरटीएक्स ४०९० म्हणजे १६,३८४ कोअर, २४ जीबी मेमरी, ४५० वॅट. लॅपटॉपची ४०९० म्हणजे ९७२८ कोअर आणि १६ जीबी. आतली चिपच वेगळी, एक पायरी खालची. ५०९० ची गोष्ट तशीच: तिकडे २१,७६० कोअर, इकडे १०,४९६. निम्म्याहून कमी! दुधात निम्मं पाणी घालून विकणाऱ्या गवळ्याला आपण दारात उभं करत नाही. मधल्या फळीत, जिथे तुमच्या-माझ्या घरातली मुलं खरेदी करतात, तिथे तर आणखी चीड यावी असं आहे. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४६०८ कोअर आणि ८ जीबी मेमरी होती. २०२५ मध्ये नवी पिढी म्हणून आलेल्या लॅपटॉपच्या ५०७० मध्ये कोअर ४६०८ आणि मेमरी ८ जीबीच. मेमरी वेगवान झाली, रचना नवी झाली, हे मी नाकारत नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत लास वेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं डेस्कटॉपचं ५०७० हे ४०९० ची कामगिरी देईल असं जगाला सांगितलं. ती कामगिरी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या मधल्या फ्रेमांवर उभी होती. काढलेल्या एका फ्रेममागे यंत्राने अंदाजाने रचलेल्या तीन फ्रेमा घालायच्या आणि आकडा चौपट झाला म्हणायचं! डोळ्याला हालचाल गुळगुळीत दिसते, हे खरं. हाताला मात्र तो वेग मिळत नाही. माऊस हलवल्यावर खेळ किती चटकन उत्तर देतो ते खऱ्या फ्रेमांवरच ठरतं.

पातळ लॅपटॉप ही कल्पनाच वाईट, असं मी म्हणत असल्याचं कुणाला वाटेल. उलट आहे. छोटा गेमिंग लॅपटॉप ही गेल्या पंधरा वर्षांतली मला सर्वांत आवडलेली वस्तू आहे. २०१० मध्ये एलियनवेअरने ११.६ इंचांचा एम११एक्स काढला तेव्हा मी त्याची छायाचित्रं तासन् तास पाहत बसायचो. २०२० च्या जानेवारीत असुसने झेफिरस जी१४ दाखवला: १४ इंच, १.६ किलो, एएमडीचा आठ कोअरचा प्रोसेसर, आरटीएक्स २०६० मॅक्स-क्यू. वेबकॅम नव्हता, आणि दोन महिन्यांत सगळं जग घरात बसून वेबकॅमसमोर आलं, हा त्याचा दैवदुर्विलास. पण छोट्या खोक्यात खरी ताकद बसते हे त्याने सिद्ध केलं. बसते, कारण त्यामागे साधं शास्त्र आहे. चिपचा वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वेगाचे शेवटचे थोडे टक्के मिळवायला वॅट भरमसाट जातात. वॅट एक तृतीयांशाने घटवले तर फ्रेमा त्याहून पुष्कळ कमी घटतात. ४०६० ला तर १०० वॅटच्या पुढे दिलेली वीज जवळजवळ वायाच जाते, कारण चिप आपल्या व्होल्टेजच्या छताला टेकलेली असते. म्हणजे ८०-९० वॅटचा १४ इंची लॅपटॉप हा उत्तम सौदा आहे. जाडजूड भावाच्या अगदी जवळ पोचतो आणि खांद्याचं हाड मोडत नाही. हे विकायला खोटं बोलायची गरजच काय? ‘९० वॅट, दीड किलो’ एवढं खोक्यावर छापलंत तरी मी रांगेत उभा राहीन. पण ४०-५० वॅटवर आलात की उतार तीव्र होतो, आणि तो उतार झाकायचा असतो म्हणून सगळ्यांचेच आकडे झाकले जातात. प्रामाणिकपणे बांधणाऱ्यालाही त्यात मार बसतो.

एकाच काळातले, एकाच आकाराचे तीन लॅपटॉप घेऊ. २०२४ चा झेफिरस जी१४: दीड किलो, चिपला ९० वॅटपर्यंत. त्याच काळातला रेझर ब्लेड १४: १.८४ किलो, १४० वॅटपर्यंत, सोबत २३० वॅटचा चार्जर. एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४: १.६३ किलो, ६५ वॅट, यूएसबी-सीने चालणारा १४० वॅटचा छोटा चार्जर. तिन्हींत आरटीएक्स ४०७० मिळत होतं. माझ्या भाच्याच्या भाषेत तिन्हींत ‘तेच कार्ड’. पण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्याला आवाज नको, एकच छोटा चार्जर हवा, त्याने ६५ वॅट घ्यावेत, खुशाल घ्यावेत. ज्याला टेबलावरच जास्त बसायचं आहे त्याने ३४० ग्रॅम जास्त उचलावेत. मला विचाराल तर मी जी१४ च्या बाजूचा. पण ही निवड घेणाऱ्याची आहे. ती त्याला करता यावी म्हणून आकडा समोर हवा. आणि वजन कमी म्हणजे वॅट कमी असंही गणित नाही हे लक्षात घ्या: या तिघांत सर्वांत हलका तो सर्वांत कमी वॅटचा नाही. म्हणजे नावावरून कळत नाही, वजनावरूनही कळत नाही. विचारल्याशिवाय कळतच नाही.

वजनाचंही खोटंच आहे. कंपनी सांगते ते वजन चार्जरशिवायचं. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर म्हणजे मोबाइलचा चार्जर नव्हे, तो विटेसारखा ठोकळा असतो. छोट्यांचा अर्ध्या किलोच्या आसपास, मोठ्या १६ इंचीवाल्यांचा ३३० वॅटचा ठोकळा किलोच्या घरात. अडीच किलोचा लॅपटॉप प्रत्यक्षात साडेतीन किलोचा होतो. सकाळी ८.४० ला डोंबिवलीच्या फलाटावर, सॅक पोटाशी घेऊन, एका हाताने वरची कडी धरून दादरपर्यंत उभं राहून बघा. तो एक किलो तुम्हाला ठाण्याच्या अलीकडेच कळेल. हा चार्जर घरी ठेवून चालणार नाही, कारण बॅटरीवर खेळण्याची बात ही आणखी एक थाप. जी१४ ची बॅटरी ७३ वॅट-तासांची. खेळताना चिप, प्रोसेसर आणि पडदा मिळून ७० वॅट धरले तरी तासाभरात खेळ खलास, आणि तेवढ्यासाठीसुद्धा लॅपटॉप चिपला आखडूनच ठेवतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॅटरी हवी तेवढी मोठीही करता येत नाही, कारण १०० वॅट-तासांच्या वरची बॅटरी विमानात परवानगीशिवाय नेता येत नाही. जाहिरातीतले दहा तास हे मंद उजेडात चित्रफीत पाहण्याचे दहा तास असतात. गेमिंग लॅपटॉप विकताना ते सांगणं म्हणजे बैलजोडी विकताना ती बसून किती वेळ रवंथ करते ते सांगणं.

पडद्याचा मुद्दा मी लवकर आटोपतो, पण तो सोडता येत नाही. १४ इंचींत आता २८८० गुणिले १८०० ठिपक्यांचे ओलेड पडदे येतात. सुंदर असतात, मला मोह होतो. पण १९२० गुणिले १२०० च्या मानाने ते सव्वादोनपट ठिपके आहेत, आणि ते रंगवायचं काम त्याच उपाशी चिपने करायचं. ६० वॅटच्या चिपला असा पडदा जोडणं म्हणजे एका गड्याला दोन एकर खुरपायला लावून संध्याकाळी हिशेब मागणं. शिवाय ८ जीबी मेमरीत आजचे मोठे खेळ पूर्ण तपशिलासह मावेनासे झालेत. पडदा असा असेल तर खेळताना ठिपके खाली आणा, त्यात कमीपणा नाही.

आता चंद्रपूर. हा भाग मला कुठल्याच परीक्षणात वाचायला मिळत नाही आणि माझ्या भाच्यासाठी तोच सर्वांत मोठा होता. परीक्षणं होतात २०-२२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत. लॅपटॉपची चिप साधारण ८७ अंशांवर स्वतःला आवरते. खोली २२ अंशांची असेल तर चिप आणि हवा यांत ६५ अंशांचं अंतर, आणि उष्णता त्या अंतराच्या प्रमाणात बाहेर पडते. मे महिन्यात चंद्रपुरात बाहेर ४५ अंश असतात. कूलर लावूनही खोली ३७ वर थांबली तर अंतर उरलं ५०. तोच पंखा, तीच तांब्याची नळी, पण उष्णता बाहेर फेकण्याची ताकद जवळपास पाव हिश्श्याने गेली. ९० वॅटची चिप आणि ४५ वॅटचा प्रोसेसर म्हणजे दोन जुने ६० वॅटचे दिवे दीड सेंटिमीटर जाडीच्या डब्यात कोंबून वर आणखी थोडं. त्या दिव्याला लहानपणी चुकून हात लावलेल्या प्रत्येकाला याचा अर्थ कळेल. शिवाय तिथे कोळशाची धूळ. ती पंख्यातून आत जाऊन तांब्याच्या पातळ पात्यांत नमद्यासारखी बसते. सहा महिन्यांनी तळाचे स्क्रू काढून ती साफ करावी लागते, आणि विकणारा हे सांगत नाही. त्या जिल्ह्यातलं औष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी केंद्रांत त्याहून मोठं नाही. राज्याला वीज पुरवणाऱ्या, तिची राख अंगावर घेणाऱ्या गावातल्या पोराला त्याच्या लॅपटॉपमध्ये किती वॅट आहेत हे सांगायला या कंपन्यांना जड जातं.

शेवटी आम्ही तिघे पुण्यातल्या एका दुकानात गेलो: मी, भाचा आणि भाऊजी. भाऊजी कापूस-सोयाबीनवाले, लॅपटॉपशी त्यांचा संबंध नाही. दुकानातला मुलगा पाच मिनिटं बोलत होता, दिव्यांचा कीबोर्ड लावून दाखवत होता. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हे कार्ड किती वॅटवर चालते जी?’’

‘‘काका, लेटेस्ट आहे. आरटीएक्स आहे.’’

‘‘मोटर कोन्या कंपनीची ते नाई विचारलं बापू. किती एचपीची, ते सांग.’’

तो गप्प झाला. त्याचा दोष नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला शिकवलं होतं ते फक्त नाव. मी त्याच्या परवानगीने दाखवायला ठेवलेल्या लॅपटॉपच्या पडद्यावर उजवी कळ दाबली, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडलं, त्यात ‘हेल्प’ आणि त्याखाली ‘सिस्टम इन्फर्मेशन’. तिथे एक ओळ असते, ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’. तीन लॅपटॉप, तीच चिप, तेच स्टिकर. ५५ वॅट. ९० वॅट. १४० वॅट. ५५ वॅटवाला सर्वांत हलका होता आणि सर्वांत महागही होता. भाच्याने घेऊन टाकायचं ठरवलं होतं तो हाच. त्याचा चेहरा पडला. स्वतः मांडलेल्या तक्त्याकडे तो बघत राहिला. मला त्या क्षणी दुकानदाराचा राग आला नाही. ज्यांनी हे नाव रचलं आणि ज्यांनी ते आनंदाने छापलं त्यांचा आला.

आणि ज्यांनी यावर बोलायचं तेही बोलत नाहीत. कंपनीने पाठवलेला लॅपटॉप घेऊन, खोकं उघडताना कागदाचा आवाज ऐकवत, झाकणाच्या चमकेवर चार मिनिटं घालवणाऱ्या परीक्षकांना माझा सरळ प्रश्न आहे: पहिल्या मिनिटात वॅट का सांगत नाही? चार्जरसकट वजन काट्यावर ठेवून का दाखवत नाही? ३५ अंशांच्या खोलीत अर्धा तास खेळून का बघत नाही? काहीजण हे करतात, चोख करतात, त्यांच्यामुळेच मी हे शिकलो. बाकीचे जाहिरात करतात आणि तिला परीक्षण म्हणतात.

मग कायदा? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २, पोटकलम २८ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हे तिच्यात स्पष्ट येतं. २०२० पासून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. फ्रिजवर आणि एसीवर ऊर्जेचे तारे लावणं या देशाने सक्तीचं करून दाखवलं. छताच्या पंख्यालाही ते लागू केलं. सव्वा लाखाच्या लॅपटॉपवर १८ टक्क्यांच्या हिशेबाने १९ हजारांचा जीएसटी सरकार घेतं. तेवढ्या पैशांत एक ओळ छापायला लावणं सरकारला परवडायला हवं: चिपला सतत मिळणारे वॅट, आणि चार्जरसकट वजन, एमआरपीच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत. ‘पर्यंत’ हा शब्द न घालता.

‘‘खेळण्यासाठी एवढं?’’ असं नाक मुरडणाऱ्यांना मी उत्तर द्यायला बांधील नाही, तरी देतो. ‘राजी’ हा २०२० चा खेळ पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला आणि जगभर खेळला गेला. तो बनवणारी मुलंही कधीतरी कुणाच्यातरी मामाला ‘कुठला घेऊ’ असं विचारतच मोठी झाली असतील. आणि बनवलं नाही, नुसतंच खेळलं, तरी कष्टाचे पैसे देणाऱ्याला माल काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. क्रिकेटची बॅट घेणाऱ्याला कुणी लाकूड कुठलं ते लपवून विकत नाही.

आम्ही ९० वॅटचा घेतला. मी बॅगा तोलायचा हुकवाला काटा सोबत नेला होता. लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलो शंभर ग्रॅम भरले. दुकानातला मुलगा तोवर उरलेल्या दोन लॅपटॉपांच्या त्याच ओळीचे फोटो आपल्या मोबाइलवर काढून ठेवत होता. घरी आल्यावर भाऊजींनी खोकं चारही बाजूंनी फिरवून पाहिलं, आतले कागदही पाहिले. मग भाच्याच्या दप्तरातला जाड मार्कर घेतला, आणि शेतावर स्टार्टरच्या डब्यावर लिहितात तसं चार्जरच्या ठोकळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कार्ड ९० वॅट. खाली खरेदीची तारीख.